निकाराग्वाची सिगार आणि माळावरचा दगड

बासष्ट. शंभरपैकी बासष्ट. मंडळातल्या चौघांनी मला घेरलं, समजावलं, एकाने तर जीभ डॉक्टरला दाखवून घे असा सल्ला दिला, तरी मी आकडा हलवला नाही. आजही हलवणार नाही. ज्या सिगारला आमच्या अध्यक्षांनी त्र्याण्णव मार्क दिले तिला मी बासष्ट दिले, आणि ते कुठे बसून, कुणाच्या सोबतीने काढले ते सांगायला हा खटाटोप. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत जाऊ इच्छिणाऱ्यांना यातून रस्त्याची माहिती फारशी मिळणार नाही. एका दगडाची मात्र सविस्तर मिळेल.

आधी मंडळ म्हणजे काय ते सांगतो. पुण्यातली पाच उतारवयाची माणसं महिन्यातून एका रविवारी अध्यक्षांच्या गच्चीवर जमतात, एकेक सिगार पेटवतात आणि तिच्यात काय काय सापडलं ते एकमेकांना सांगतात. कुणाला देवदार सापडतो, कुणाला कोको, कुणाला जुन्या खोगिराचं कातडं. मला इतक्या वर्षांत धुराखेरीज काहीही सापडलं नाही. पण अध्यक्षांनी ‘देवदार’ म्हटलं की डोळे किंचित मिटून ‘हो, हो, मागे येतोय’ असं म्हणायला मी शिकलो, आणि तेवढ्या भांडवलावर जाणकार म्हणून टिकलो.

गेल्या बैठकीला अध्यक्षांच्या परदेशातल्या भाच्याने निकाराग्वाच्या सिगारींची एक लाकडी पेटी पाठवली होती. वीतभर लांब, माझ्या अंगठ्याहून जाड, वरचं पान सुकवलेल्या आमसुलासारखं काळपट तांबूस आणि तेल लावल्यासारखं तुकतुकीत. किंमत विचारू नका, मीही विचारली नाही. अध्यक्षांनी त्यातली एक आमच्यासमोर सावकाश ओढली, त्र्याण्णव जाहीर केले आणि आम्हाला एकेक सिगार हातात देत म्हणाले, की मंडळाचं एकमत झालंय असं धरतो. तिघांच्या माना हलल्या. माझीही निम्मी हलली होती. तेवढ्यात माझ्याच तोंडून माझ्या परवानगीशिवाय एक वाक्य बाहेर पडलं.

“मी ओढून सांगतो.”

अध्यक्षांनी मला मंडळाचा नियम ऐकवला. सिगारचे तीन हिस्से असतात. पहिल्यात ती ओळख देते, दुसऱ्यात बोलते, तिसऱ्यात खरं काय ते सांगते. तिसरा हिस्सा न ओढता दिलेलं मत मंडळ धरत नाही. पुढच्या रविवारपर्यंत तीनही हिस्से ओढून मार्क कळव, नाहीतर तुझेही त्र्याण्णव. मी ‘ठीक आहे’ म्हणालो आणि जिना उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या जिभेने मत द्यायचं होतं.

आता ओढायची कुठे? घरात सुनंदा आहे. सुनंदा माझी बायको, आणि तंबाखूच्या बाबतीत तिच्यापुढे अपील नाही. अध्यक्षांच्या गच्चीवर ओढली तर मान आपोआप डोलणार. मला हवी होती स्वच्छ हवा आणि ओळखीचं एकही तोंड नसलेली जागा. म्हणून मी कुठे गेलो? सासुरवाडीला. माझ्या अकलेबद्दल तुमचं काय मत व्हायचं ते इथेच होऊन जाऊ दे.

महाड

तसा पहिला बेत सासुरवाडीचा नव्हताच. सुनंदाला तिच्या वडिलांसाठी, म्हणजे आबांसाठी, लोकरी शाल पाठवायची होती. मी ती पोचवायला तयार झालो तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, कारण मी आपणहून काही पोचवल्याची नोंद आमच्या संसारात नाही. माझा बेत असा, की महाडला उतरायचं, सावित्रीच्या काठी निवांत सिगार ओढायची आणि मग निर्मळ मनाने शाल द्यायला पोलादपूरकडे जायचं. सिगार मोडू नये म्हणून मी ती त्याच शालीच्या घडीत गुंडाळली होती. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो, की ताम्हिणीचा अख्खा घाट गालातल्या गालात हसत उतरलो.

निघताना सुनंदाने बजावलं होतं, “आबा गोड बोलतील. विडी मागतील. द्यायची नाही.” गेल्या वर्षी आबांची छाती भरली, तेव्हापासून तिने पुण्यात बसून फोनवर अख्ख्या वाडीची नाकेबंदी केली आहे. दुकानदाराला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दूध घालणाऱ्यालाही सांगितलं. ऐंशी उलटलेल्या म्हाताऱ्याला वाडीत कुणी विडी देत नाही. मी दुखावल्याचा चेहरा करून म्हणालो, “माझ्याकडे कुठली असणार विडी?” यातला शब्द न् शब्द खरा होता.

महाडला नदीकाठच्या एका चहाच्या टपरीवर बसलो. नदी हिवाळ्यातली, खडकांतून वाट काढत हळू चाललेली. पलीकडच्या काठावर बाया कपडे आपटत होत्या. मी सिगार बाहेर काढली. पेटवण्याआधी तिचा कोरा वास घ्यायचा असतो. डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि थक्क झालो. लिंबाच्या सालीची झाक, मागे काहीतरी औषधी, थोडं कापरासारखं. त्र्याण्णव काय, पंचाण्णव द्यायला हवेत, या विचाराने मी मनातून अध्यक्षांना शरण जायला निघालो होतो.

टपरीवाल्याने चहा ठेवला आणि माझं हुंगणं थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाला, “काका, वारा वसाहतीकडून आहे आज. दुपारनंतर फिरेल.”

रसायनांच्या कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याची वेळ होती. कामगारांच्या बसगाड्या आणि मोटरसायकली रस्त्याने चालल्या होत्या, आणि त्यांच्या बरोबरीने ते लिंबू आणि तो कापूर. महाडकरांना तो वास येतच नाही. त्यांच्या लेखी ती हवा. मी सिगार पुन्हा शालीत गुंडाळली, दोन गरम भजी खाल्ली आणि पोलादपूरची एसटी धरली. निदान मार्क देण्याआधी कळलं.

वाडी

पोलादपूरच्या स्टँडवर दामू मोटरसायकल घेऊन उभा होता. दामू सुनंदाचा धाकटा भाऊ. मुंबईला कुरियरच्या गोदामात बरीच वर्षं काढून तो वाडीला परतलाय, आणि येताना ‘टेन्शन नाय’ आणि ‘लोकेशन’ हे दोन शब्द घेऊन आलाय. त्याला विश्वासात घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. स्टँडच्या कोपऱ्यात मी शाल उलगडली आणि सिगार कोटाच्या आतल्या खिशात सरकवली. दामूने ती पाहिली, शीळ घातली आणि विचारलं, “भावोजी, ही वढायची का वाजवायची?”

वाडी पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत आहे. भात कापून झालेलं, उतारावर पेंढ्यांच्या उडव्या, खाचरांत वालाचे वेल. पुण्यात जावयाला ‘चहा घेणार का’ असं विचारतात. इथे विचारत नाहीत, चहा येतो. मग पोहे येतात. मग ‘जेवायला येळ हाय’ असं म्हणत नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं येतं, आणि नको म्हणालात तर सासूबाई ताटाकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघत राहतात.

आबांना शाल दिली. काठीसारखे ताठ, अंगाने सुकलेले, डोक्यावर पांढरी टोपी. वाडीच्या देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, त्यामुळे साधं ‘बसा’ म्हणतानाही समोरच्याला उभं राहावंसं वाटतं. त्यांनी शाल उलगडली, नाकाशी नेली आणि बराच वेळ नाकाशीच ठेवली.

“पुन्याला शालींना बरा वास येतो,” ते म्हणाले.

मला वाटलं, लेकीची आठवण झाली. गळा भरून आला माझा. मूर्ख माणसाचा गळा फार लवकर भरतो.

संध्याकाळी माझ्यासाठी पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, मसाला चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला ठासून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब नसतो, पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. मडकं फोडल्यावर जो वास आला त्याला मी तिथल्या तिथे मनात अठ्ठ्याण्णव दिले. दामूने विचारलं, पुण्याला भेटते का अशी. मी म्हणालो, भेटते, ताटाखाली कागदी नक्षीदार रुमाल घालून. तो इतका हसला की त्याच्या हातातली शेंग पडली.

आबा मात्र जेवून लवकर आडवे झाले. शाल तोंडावरून घेऊन.

माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी एक दृश्य पाहिलं. सासूबाई खापराच्या तुकड्यावर तंबाखू भाजत होत्या. काळी होईपर्यंत भाजायची, मळायची, झाली मिश्री. घरभर तंबाखूचा खमंग धूर. आबा चुलीकडे पाठ करून, पण अगदी जवळ सरकून बसले होते. मी हळूच विचारलं, सुनंदाची बंदी तुम्हाला नाही का, आई? त्या शांतपणे म्हणाल्या, “मी कुठं वढते? मी दात घासते.” आबांच्या पाठीवरून मला दिसलं, की हा विषय घरात पूर्वी बराच झालेला असावा.

तिथे एक अडचण होती, आणि ती माझ्या वयाच्या माणसाने बोलू नये अशी आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा. पण सासऱ्यासमोर जावई ओढत नाही. वाडीत असं कुणी कुणाला सांगत नाही, कारण सांगायची वेळच येत नाही. एखादा ओढताना सासरा दिसला तर जळती विडी तळहातात मिटेल. मी मनाशी ठरवलं होतं, की माझं मत माझं आहे, कुणाला घाबरायचं नाही, उघड्या माळावर ताठ मानेने ओढायची. फक्त माळ घरापासून जरा लांबचा बघायचा.

दामू कवळ तोडायला निघाला होता. पावसाळ्याआधी रोपांची जागा भाजून घेतात, तिला इकडे राब म्हणतात. त्यासाठी हिवाळ्यातच झाडांच्या फांद्या तोडून, सुकवून ठेवायच्या, ती कवळ. त्याच्या मागून मी चढलो. वर मोकळा माळ, गुडघाभर सुकलेलं गवत, समोर महाबळेश्वराच्या बाजूचे निळे डोंगर. खाली पोलादपूरचा महामार्ग दोऱ्यासारखा.

“गवात सुकलंय,” दामू म्हणाला. “राख खाली नको. त्या दगडावर ठेवा.”

माळाच्या कडेला कमरेएवढा काळा दगड होता. वर सपाट आणि मधोमध एक लांबट, गुळगुळीत खाच. सिगार टेकवायला कुणीतरी मुद्दाम कोरल्यासारखी. मी दगडापाशी बसलो, सिगारचं तोंडाकडचं बंद टोक कापलं, दामूच्या काडेपेटीच्या अर्ध्या काड्या वाऱ्यात घालवल्या आणि एकदाची ती पेटली.

पहिला हिस्सा. प्रामाणिकपणे सांगतो, देखणा होता. धूर जाड, मऊ. पहिल्यांदाच मला धुरात काहीतरी सापडलं. पण देवदार नव्हे. भाजलेला शेंगदाणा, नारळाची करवंटी तापल्यावर येतो तो वास, आणि जिभेच्या टोकावर गुळाच्या काकवीची आठवण. राख पांढरी, घट्ट, पडायला तयार नाही. मी आनंदाने एकटाच हसलो. माझी जीभ जिवंत होती.

दामू फांद्या तोडता तोडता दर थोड्या वेळाने माझ्या बाजूला येऊन जात होता. शेवटी म्हणाला, एक झुरका द्या की. मी त्याला समजावलं, की परीक्षकाची सिगार उष्टी होता कामा नये, शेवटच्या हिश्श्यापर्यंत एकाच तोंडात राहिली पाहिजे, यावर माझ्या आयुष्याचा निकाल आहे. दामूने माझ्याकडे असं पाहिलं जसं गोदामात फुटलेल्या पार्सलकडे पाहत असेल, आणि तो पुन्हा कोयता चालवायला गेला.

दुसऱ्या हिश्श्यात गडबड झाली. वाऱ्याने एक बाजू भराभर जळली, दुसरी मागे राहिली. ते तिचं दुर्दैव, त्याचे मी मार्क कापले नाहीत. पण चव? शेंगदाणा गेला, करवंटी गेली, काकवी गेली. नुसता धूर, भरपूर धूर, संथ आणि एकसुरी. समारंभात सत्कार झाल्यावर माणूस माईक सोडत नाही, तसं काहीतरी. मी पुन्हा पुन्हा डोळे मिटून मागे येणारा देवदार शोधला. कुणीही मागे आलं नाही. ही सिगार मोठी होती एवढंच तिचं म्हणणं होतं. आता सगळा निकाल तिसऱ्या हिश्श्यावर होता.

सिगारला मधे विश्रांती द्यायची असते. मी ती खाचेत ठेवली आणि पाठीमागे काठीचा आवाज आला.

आबा. अंगावर नवी शाल. एवढा चढ चढून.

मी ताडकन उठलो, दोन्ही हात पाठीमागे. हातात काहीच नव्हतं, तरीही पाठीमागे. दामू आधीच तोडून झालेली फांदी पुन्हा तोडू लागला. दगडावरून निळा धूर सरळ वर चालला होता.

“पावणं, धूर कसला?”

ताठ मानेचा क्षण आला होता. मी तो घालवला. दगडाकडे वळलो, हात जोडले आणि म्हणालो, “देवाला ठेवलीय, आबा.”

या भागात वाडीच्या राखणदार देवाला कोंबडा देतात, नारळ देतात, विडी पेटवून ठेवतात, हे मी लग्नापासून ऐकत आलोय. घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी जे आठवतं ते हे.

आबांनी दगडाकडे पाहिलं. माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग चपला काढल्या.

“बरं केलंत,” ते हळू आवाजात म्हणाले. “हितं आजवर कुनी येवढी मोठी ठेवली नव्हती.”

म्हणजे हा खरोखरच देव होता. आणि मी त्याच्या डोक्यावर तासभर राख झाडत होतो. मी दामूकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता आणि त्याचे खांदे थरथरत होते. भीतीने, असं मला वाटलं.

“आबा,” मी कबूल केलं, “पण ती उष्टी आहे. मी थोडी... दोन हिस्से ओढलेत.”

“उष्टी?” आबांनी बराच विचार केला. “मंग माफी मागाय पायजे.”

त्यांनी टोपी सारखी केली आणि आवाज लावला. बा देवा महाराजा, पावणा शहरातला हाय, त्याला काय कळत नाय, चुकला-माकला पदरात घे, त्याच्या सिगारीवर नाराज होऊ नको. माळावर तो आवाज घुमला. माझे डोळे पाणावले. मागून दामूचा एक हुंदका ऐकू आला.

“आता परसाद,” आबा म्हणाले. “पयला मान माजा.”

त्यांनी सिगार उचलली. वर्षभर विडीला न शिवलेली बोटं, पण पकड अशी की जणू तिच्या मापानेच घडलेली. डोळे मिटले. एक झुरका. धूर तोंडात धरला, सोडला. दुसरा. तिसरा. माझा तिसरा हिस्सा डोळ्यांदेखत जळत होता.

“आबा, मला जरा शेवटचा...”

“परसाद मोजून घेत नाय, पावणं.”

मग दामूचा मान. दामूने प्रसाद माझ्याकडे बघत बघत घेतला, अगदी सावकाश. मग आबांनी उरलेलं थोटूक माझ्यापुढे धरलं. मी मागे सरलो. सासऱ्यासमोर कसं?

“घ्या. सासऱ्यापुढं लाज ती विडीची. परसादाला कसली लाज?”

मी सासऱ्यासमोर उभा राहून सिगार ओढली. अठ्ठावन्नाव्या वर्षी. तोंड पोळलं. चव कडू, जळक्या पापडासारखी, आणि मागे काहीही नाही. झाला निकाल, असं मी मनात म्हणतोय तोच आबा म्हणाले, “कशी हाय ते कुनाला सांगू नका. परसादाला नावं ठेवत नाय.”

तिसरा हिस्सा प्रसाद झाला होता. प्रसादाला मार्क देता येत नाहीत. आणि तिसऱ्या हिश्श्याशिवाय मंडळ मत धरत नाही. म्हणजे त्र्याण्णव. पुन्हा मान डोलवा, पुन्हा देवदार. त्या रात्री मी भाकरी निम्मी टाकली, आणि सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून घरगुती काढा करायला घेतला.

दगड

शेवटच्या दिवशी सकाळी मी सासूबाईंकडून नारळ मागून घेतला आणि एकटाच माळावर चढलो. देवाची नीट माफी मागायची आणि झालंच तर मार्क द्यायची परवानगी. काय मागायचं याची वाटभर तालीम करत होतो.

वर पोचलो तर दामू देवावर बसला होता. दोन्ही बाजूंना पाय टाकून, घोड्यावर बसावं तसा. खाचेत पाणी टाकून त्याचा कोयता पुढे-मागे, पुढे-मागे.

“अरे दामू, देवावर बसलास?”

“कुठला देव?” तो म्हणाला. “कोयता लावायचा दगड हाय हा. आज्ज्यापासनं. देव तिकडं, उंबराखाली. लोकेशन चुकलं तुमचं.”

ती गुळगुळीत खाच म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे कोयते. मी हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग विचारलं, काल का बोलला नाहीस?

दामूने कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली. “तुमी मला एक झुरका दिला का?”

मी धावत खाली आलो. आबा पडवीत उन्हाला बसले होते, शाल पांघरून, जगातला सर्वांत निष्पाप माणूस.

“आबा, तो दगड...”

“दगडच हाय.”

“मग काल तुम्ही गाऱ्हाणं घातलंत ते?”

“आयकलं आसंल की देवानं. उंबर काय लांब नाय.”

“आणि प्रसाद?”

आबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “देव तुमी आनलात, पावणं. हात तुमी जोडलेत. मी नुसता परसाद घेतला.”

मी आदल्या दिवशीचा त्यांचा शब्द न् शब्द आठवला. माफी मागताना देवाचं नाव घेतलं होतं, पण हा दगड देव आहे असं ते एकदाही म्हणाले नव्हते. इथे कुणी एवढी मोठी ठेवली नव्हती, हेही खरंच. कोयता लावायच्या दगडावर निकाराग्वाची सिगार कोण ठेवेल? शालीच्या वासावरून त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओळखलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो चढ चढून ते फक्त योग्य वेळी पोचले होते. सुनंदाच्या नाकेबंदीतून त्यांनी तिच्याच शालीने वाट काढली.

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी डोक्यात एक दिवा लागला. देव नव्हता, म्हणजे प्रसाद नव्हता. प्रसाद नव्हता, म्हणजे तिसरा हिस्सा ही निव्वळ सिगार होती, आणि ती मी ओढली होती.

“मग आबा, मी तिला नावं ठेवणार.”

“ठेवा की.” ते सरसावून बसले. “पन मला लय ग्वाड लागली. शंभरातलं शंभर.”

“बासष्ट,” मी म्हणालो.

आबांना जेवढा राग आला तेवढा अध्यक्षांनाही पुढे आला नाही. बासष्ट? शिकलेला माणूस, पुण्याचा, आणि बासष्ट? त्यांनी मला तोंडाला चव नाही म्हटलं, वाऱ्याला बोल लावला, जावयाला म्हणू नये असं आणखी एक विशेषण वापरलं. कालपर्यंत त्यांच्यासमोर हात पाठीमागे लपवणारा मी, पडवीत उभा राहून त्यांच्याशी हमरीतुमरीवर आलो. पहिला हिस्सा चांगला, मान्य. पुढे नुसती लांबी. शेवट जळका. वर्षभराच्या उपासानंतर तुम्हाला पेंढाही गोड लागला असता. सासूबाई दात घासता घासता ऐकत होत्या. त्यांनी पिंक टाकली आणि म्हणाल्या, “दोगंबी गप ऱ्हावा. पुन्याला आयकू जाईल.”

आबांनी आवाज खाली आणून विचारलं, सुनंदाला काय सांगणार. मी म्हणालो, शाल पोचली म्हणून सांगतो.

“व्हय,” आबा म्हणाले. “आन वास चांगला हाय म्हनून सांगा.”

पोलादपूर

उतरताना दामूने उंबराखाली गाडी थांबवली. खऱ्या देवासमोर मी नारळ फोडला. देवाने माफ केलं की नाही ते कळलं नाही, पण खोबरं गोड निघालं आणि दामूने ते सगळं खाल्लं.

पोलादपूरच्या स्टँडवर माझ्या फोनला नीट रेंज आली. पुण्याला पोचेपर्यंत धीर गळेल हे मला स्वतःबद्दल माहीत होतं, म्हणून तिथेच, एसटीच्या धुरात उभा राहून, मंडळाच्या ग्रुपवर मजकूर टाकला. तीनही हिस्से ओढले. पहिल्यात भुईमूग, करवंटी आणि काकवी. दुसऱ्यात लांबी. तिसऱ्यात जळका पापड. बासष्ट. देवदार कुठेही सापडला नाही, आजवरही कधी सापडलेला नाही. शेवटचं वाक्य लिहून पुसलं, मग पुन्हा लिहिलं आणि पाठवलं.

दामू म्हणाला, टेन्शन नाय. पण त्याच्या चेहऱ्यावर मात्र होतं.

एसटी लागेपर्यंत अध्यक्षांचा फोन आला. आवाज थंड. ते म्हणाले, तू घाई केलीस, वाऱ्यात ओढलीस, शेवट नीट ओढलाच नसशील. मी म्हणालो, ओढला, अगदी बोटं पोळेपर्यंत. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो गच्चीवर ते मला नेहमी विचारतात, आणि ज्याचं उत्तर मी आजवर त्यांच्याच चेहऱ्यावरून वाचून देत आलो होतो.

“बरं, मग सांग. तिसऱ्या हिश्श्यात तुला नेमकं काय सापडलं?”

“सासरे,” मी म्हणालो, आणि एसटीत चढलो.